अडुळशाच्या पानातली बुरशी: प्लेटवर झोन झकास, एक्स्ट्रॅक्टमध्ये शून्य. कुठे चुकतंय?

कोनिडिया

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्ट आहे औषधी झाडांच्या आत राहणाऱ्या बुरश्यांमधून, म्हणजे एंडोफायटिक फंगायमधून, अँटिबॅक्टेरियल कंपाउंड शोधायचं. झाड घेतलंय अडुळसा. सबमिशनला सात आठवडे उरलेत आणि मी पार अडकलेय, म्हणून इथे लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

काय केलं ते सांगते. निरोगी पानं आणली, वाहत्या पाण्याखाली धुतली, ७०% इथेनॉलमध्ये १ मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं, परत इथेनॉल ३० सेकंद, मग स्टराईल पाण्याने तीनदा. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून पीडीएवर (बटाट्याचं आगर माध्यम) ठेवले, २८ डिग्रीला. पाचव्या दिवशी पानाच्या कापलेल्या कडेतून पांढरे धागे बाहेर येताना दिसले तेव्हा नाचायचीच बाकी राहिले होते. धाग्यांची टोकं उचलून नव्या प्लेटवर टाकत टाकत शेवटी १४ आयसोलेट (वेगळ्या काढलेल्या बुरश्या) प्युअर केले.

मग प्लग ॲसे. १० दिवस वाढलेल्या प्लेटमधून ६ मिमीच्या कॉर्क बोररने प्लग काढले आणि मुलर हिंटन आगरवर बॅक्टेरियाचा लॉन, म्हणजे सलग पातळ थर, टाकून त्यावर ठेवले. स्टॅफ ऑरियस एटीसीसी २५९२३, ई. कोलाय २५९२२ आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा २७८५३ (हे स्ट्रेनचे नंबर). १४ पैकी १२ आयसोलेटना झोन, म्हणजे प्लगभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ! स्टॅफवर १६ ते १८ मिमी, ई. कोलायवर १७ ते १९, एकदम काचेसारखे स्वच्छ. स्यूडोमोनासवर मात्र कुणालाच काही नाही. गाईडना फोटो पाठवले, ते पण खूश.

इथपर्यंत सगळं गोड. मग बाराही आयसोलेट पीडीबीमध्ये (तेच माध्यम, आगरशिवाय पातळ ब्रॉथ) लावले, शेकरवर १२० आरपीएम, १४ दिवस, फिल्टर केलं, फिल्ट्रेट तीनदा इथाइल ॲसिटेटने काढलं, रोटरी इव्हॅपोरेटरवर सॉल्व्हंट उडवला, उरलेलं डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून वेलमध्ये घातलं आणि... शून्य. बारापैकी बारा शून्य. दोनदा परत केलं, तेच. सॉल्व्हंट चुकीचा आहे का? ब्रॉथमध्ये बुरशी ते कंपाउंड बनवतच नाही का? की रोटरीवर गरम होऊन उडतंय? कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्लेटवाली_मावशी

एकच प्रश्न. त्या पीडीएमध्ये अँटिबायोटिक घातलं होतंस का?

कोनिडिया

हो मावशी, क्लोरॅम्फेनिकॉल, लिटरला १०० मिलिग्रॅम. ऑटोक्लेव्हच्या आधीच घालतो आम्ही. पानातले बॅक्टेरिया उगवून बुरशीला दाबू नयेत म्हणून. सगळेच घालतात ना?

प्लेटवाली_मावशी

सगळेच घालतात आणि घालावंच. पण पहिल्या प्लेटला, जिथे पानाचा तुकडा ठेवतो तिथे. तू सबकल्चर आणि प्लगची प्लेट पण त्याच बाटलीतून ओतलीस, बरोबर?

आता एक हिशोब कर. प्लग ६ मिमी रुंद, प्लेट नीट ओतली असेल तर आगर ४ मिमी जाड. म्हणजे प्लगचं आकारमान साधारण ०.११ मिली. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली गुणिले ०.११, म्हणजे प्रत्येक प्लगमध्ये ११ मायक्रोग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल. बाजारात मिळणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या डिस्कमध्ये ३० मायक्रोग्रॅम असतं आणि तिला ई. कोलाय २५९२२ वर २१ ते २७ मिमी झोन यायला हवा, स्टॅफ २५९२३ वर १९ ते २६. तुझा झोन त्याहून जरासा लहान. एक तृतीयांश डोसला जसा यावा तसाच.

आणि ऑटोक्लेव्हने ते मेलं असेल अशी आशा धरू नकोस. क्लोरॅम्फेनिकॉल उष्णतेला टिकतं म्हणून तर ते आधी घालता येतं. स्ट्रेप्टोमायसिन असतं तर थंड झाल्यावर फिल्टर करून घालावं लागलं असतं.

मला संशय कशाने आला ते पण सांगते म्हणजे पुढे तुझं तुला कळेल. एक, बारा वेगवेगळ्या बुरश्या आणि सगळ्यांचे झोन २ मिमीच्या फरकात. बुरश्या इतक्या शिस्तीच्या नसतात गं. खरे झोन आले तर एकाचा ८, एकाचा २२, एकाचा अर्धवट धूसर, असा गोंधळ दिसतो. दोन, ई. कोलायवर स्टॅफइतकाच किंवा जास्तच झोन. ई. कोलायसारख्या ग्राम निगेटिव्हला बाहेरचं आवरण असतं, बुरशीच्या कच्च्या एक्स्ट्रॅक्टमधल्या बहुतेक गोष्टी तिथे अडखळतात. तीन, आणि हा माझा आवडता, स्यूडोमोनास शून्य. एरुजिनोसा जन्मजातच क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देत नाही, पंप लावून ते बाहेर फेकते ती. तुझं टेबल म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलचा फोटोच आहे.

ब्रॉथमध्ये अँटिबायोटिक घातलं नव्हतंस, म्हणून तिथे शून्य. तुझी रोटरी, सॉल्व्हंट सगळे निर्दोष असू शकतात.

आज काय करायचं: बुरशी न लावलेल्या त्याच प्लेटमधून एक रिकामा प्लग काढ, लॉनवर ठेव, उद्या सकाळी बघ. बस.

सहज_वाचक

मी या क्षेत्रातला नाही, वाचून मजा आली. एक बाळबोध प्रश्न, झाडाच्या आत बुरशी राहते म्हणजे झाड आजारी नाही का? आणि औषधी झाडाचा जो गुण म्हणतात तो झाडाचा की आतल्या बुरशीचा?

कोनिडिया

मावशी. रिकाम्या प्लगला स्टॅफवर १७ मिमी, ई. कोलायवर १८, स्यूडोमोनासवर शून्य.

मला रडू येतंय.

आणि अजून एक. ज्या दोन आयसोलेटना झोन नव्हता ना, ते ५ आणि ११, वही उघडून बघितलं तर त्या आठवड्यात क्लोरॅम्फेनिकॉल संपलं होतं म्हणून ते दोन साध्या पीडीएवर लावले होते. मीच लिहून ठेवलंय, "सीएएम नाही, साधा मीडिया", माझ्याच अक्षरात. मी तेव्हा त्यांना "निष्क्रिय" म्हणून बाजूला काढलं.

प्लेटवाली_मावशी

रड थोडं आणि मग कामाला लाग. वहीत लिहिलं होतंस हेच मोठं, मी पाहिलेल्या निम्म्या वह्यांत ते सापडलं नसतं. माझं स्वतःचं यापेक्षा वाईट झालंय, एक अख्खं पोस्टर छापून झाल्यावर कळलं की आमचा झोन डीएमएसओचा होता, कारण वेलमध्ये चक्क निव्वळ डीएमएसओ ओतत होतो आणि सॉल्व्हंट कंट्रोल ठेवलाच नव्हता.

आता नीट: १४ च्या १४ साध्या पीडीएवर, मधे निदान दोन सबकल्चर साध्या मीडियावर होऊ देत म्हणजे आधीचं वाहून आलेलं विरळ होईल. १० दिवस वाढव. सोबत साध्या पीडीएचा रिकामा प्लग, क्लोरॅम्फेनिकॉल पीडीएचा रिकामा प्लग, दोन्ही प्रत्येक प्लेटवर. आणि ५ व ११ ला परत आत घे.

शिवाय एक विचारायचं राहिलं. सरफेस स्टरिलायझेशन झाल्यावर शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर टाकलं होतंस का? किंवा पानाचा तुकडा प्लेटवर नुसता टेकवून उचलून बघितलास का? ते स्वच्छ आलं तरच म्हणता येतं की जी बुरशी आली ती पानाच्या आतून आली. नाहीतर एखादा बीजाणू वरच चिकटून बसलेला असतो आणि आपण त्याला एंडोफाइट म्हणून बारसं करून टाकतो.

जुनं_खोड

@सहज_वाचक प्रश्न बाळबोध मुळीच नाही, या विषयातले मोठमोठे लोक त्यावर वीस वर्षं भांडलेत.

आधी पहिला. आत बुरशी असणं म्हणजे आजार नव्हे. एंडोफाइट हा शब्द डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये वापरला आणि आता त्याचा साधा अर्थ असा की जी झाडाच्या पेशीजालात राहते पण त्या वेळी झाडाला दिसेल असा त्रास देत नाही. "त्या वेळी" हे महत्त्वाचं. तीच बुरशी पान म्हातारं झालं की त्याला कुजवायला पहिली हजर असते, आणि झाड अशक्त झालं तर रोगही करते. भाडेकरू म्हणा हवं तर, पण करार न केलेला.

दुसऱ्याची गंमत मोठी आहे. १९९३ मध्ये पॅसिफिक यू या झाडातून काढलेल्या टॅक्सोमायसिस अँड्रियानी नावाच्या बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचं सायन्समध्ये छापून आलं. टॅक्सॉल म्हणजे कॅन्सरवरचं औषध, आणि ते त्या झाडाच्या सालीतून मिळायचं. तेव्हा लोकांना वाटलं आता झाडं तोडायला नकोत, टाकीत बुरशी वाढवू. पण मिळालं किती? लिटरभर ब्रॉथमागे नॅनोग्रॅममध्ये, २४ ते ५०. मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅमही नाही. पुढे वर्षानुवर्षं टॅक्सॉल देणाऱ्या बुरश्यांचे पेपर येत राहिले आणि २०१३ मध्ये एका गटाने अशा बुरशीचा जीनोम उघडून बघितला, मूळची टॅक्सोमायसिस पण परत तपासली, तर बुरशी ते स्वतः बनवते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मग आधी जे दिसलं त्यातलं थोडं झाडातूनच आलेलं होतं का? ही शंका आणि इथली क्लोरॅम्फेनिकॉलची गोष्ट, दोन्ही एकाच घराण्यातल्या. वाहून आलेलं आणि बनवलेलं यातला फरक.

दुसरं उदाहरण कॅम्टोथेसिन, तेही कॅन्सरविरोधी. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्यातून ते निघतं, आणि २००५ मध्ये त्या झाडातल्या एका एंडोफाइटमध्येही ते सापडल्याचं छापून आलं. नंतर कॅम्टोथेका या चिनी झाडातल्या फ्युजेरियम सोलानीवर खोलात काम झालं तेव्हा दिसलं की बनवण्याच्या वाटेवरचं स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे एन्झाइमच तिच्याकडे नाही, ती पायरी ती झाडाकडून उसनी घेत असावी. झाडाबाहेर प्लेटवर सबकल्चर करत गेलं की उत्पादन घसरत गेलं. तेव्हा गुण कुणाचा, याचं उत्तर प्रत्येक रेणूला वेगळं. सरसकट "सगळी कमाल बुरशीची" म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहावं असं माझं मत.

पण अँटिबॅक्टेरियलच्या बाबतीत मी आशावादी आहे. तिथे बुरशीला झाडाची नक्कल करायची गरजच नसते, पानाच्या आत शेजारी बॅक्टेरिया असतात, जागेसाठी मारामारी असते, त्यासाठी तिच्याकडे स्वतःची हत्यारं असतात. कडुनिंबातल्या क्लोरिडियम नावाच्या एंडोफाइटमधून जावानिसिन मिळालं २००९ मध्ये, तांबडं नॅफ्थोक्विनोन आहे, आणि ते स्यूडोमोनासवरसुद्धा चाललं. दालचिनीच्या झाडातून, होंडुरासमध्ये, मस्कोडोर अल्बस सापडली, ती तर नुसत्या वासाने मारते, तिच्या वाफांचं मिश्रण बंद प्लेटमधल्या बॅक्टेरिया आणि बुरश्या दोन्ही संपवतं. अशा बुरशीला प्लग ॲसेत कमी मार्क मिळाले तर नवल नाही, तिला मधे भिंत असलेल्या दुभागी प्लेटमध्ये तपासावं लागतं.

कोनिडिया

बऱ्याच दिवसांनी परत आले. सगळं साध्या पीडीएवर केलं, दोन सबकल्चर नंतर. आकडे देते:

११ आयसोलेट: पूर्ण शून्य. (५ पण शून्य, ११ पण, म्हणजे निदान ते दोघं आधीही खरंच बोलत होते.)
३ नंबर: स्टॅफवर १० मिमी, पण धूसर, आत बारीक वाढ दिसते.
९ नंबर: स्टॅफवर १३ मिमी, स्वच्छ. ई. कोलाय नाही.
१२ नंबर: स्टॅफ आणि ई. कोलाय दोन्हीवर ११ मिमी.
साधा रिकामा प्लग शून्य, क्लोरॅम्फेनिकॉलवाला १७.

गाईडना सांगितलं. मला वाटलं ओरडतील, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले मागच्या बॅचने पण असंच केलं होतं का बघायला हवं. आता त्यांचं पण डोकं तिकडे लागलंय.

१२ नंबर दोन्हीवर चालतो म्हणून तो धरावा म्हणतात. पण तो काळ्या बीजाणूंचा आहे, प्लेटवर काजळी सांडल्यासारखा. आणि मावशी, धुण्याच्या पाण्याची प्लेट मी टाकली नव्हती. यावेळी नव्या पानांवर टाकली, तीन प्लेटपैकी एकीवर दोन काळ्या कॉलनी आल्या.

वाफाळ_रोटरी

केमिस्ट्रीवाला आहे, या गटात उशिरा आलो, पण १२ नंबरवर पैज लावायला तयार आहे. काळी अस्परजिलस असणार, आणि ती ॲसिडचा कारखाना असते, सिट्रिक, ग्लुकोनिक, ऑक्झॅलिक. जगातलं सिट्रिक ॲसिड तिच्याच भावंडांकडून बनवून घेतात. प्लगवर पीएच पट्टी दाब. तीनच्या आसपास दिसली तर तुझा झोन म्हणजे आंबटपणा आहे, म्हणून तर दोन्ही बॅक्टेरियांवर सारखाच. फॉस्फेट बफर घातलेल्या मुलर हिंटनवर परत लाव, झोन जातो का बघ.

३ नंबरच्या धूसर झोनबद्दल, मला फॅटी ॲसिडचा संशय आहे. ओलेइक, लिनोलेइक असली अनसॅच्युरेटेड मंडळी स्टॅफला त्रास देतात, ग्राम निगेटिव्हला फारसं नाही, आणि बुरशीत ती भरपूर असतात. एक्स्ट्रॅक्ट केलंस तर चिकट पिवळं तेल निघेल. त्याच्या मागे सहा महिने घालवलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

उरला ९. आता तू विचारलेला मूळ प्रश्न, ब्रॉथमध्ये शून्य का, तो याच्यापुरता अजून खरा आहे, कारण याने साध्या आगरवर झोन दिलाय. यावर माझं म्हणणं लांब आहे.

सगळ्यात सोपी गोष्ट आधी: झोन आगरमधून आला ना? मग आगरच एक्स्ट्रॅक्ट कर. लोक हे करत नाहीत, लगेच ब्रॉथकडे धावतात. ९ नंबरच्या २० प्लेट लाव, १० ते १४ दिवसांनी बुरशीसकट आगर चिरून इथाइल ॲसिटेटमध्ये रात्रभर भिजत ठेव, गाळ, उडव. सोबत बुरशी न लावलेल्या ५ प्लेटचं पण तसंच एक्स्ट्रॅक्ट, कारण मीडियातून पण रंग आणि गाळ निघतो आणि पुढे टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर घटक वेगळे करायची पद्धत) तुला तो ओळखता यायला हवा. वॉटर बाथ ४० डिग्रीच्या वर नेऊ नकोस.

दुसरं, शेकर. बऱ्याच बुरश्या हलवत ठेवल्या की गोळ्या गोळ्या होऊन नुसत्या वाढत राहतात आणि सेकंडरी मेटाबोलाइट (अँटिबायोटिकसारखी जादाची रसायनं) बनवत नाहीत, त्यांना पृष्ठभागावर चटई विणून निवांत बसायला आवडतं. ऑक्सफर्डला पेनिसिलिन काढताना हीटली या शास्त्रज्ञाने बुरशी बेडपॅनमध्ये वाढवली होती, रुग्णाच्या बेडपॅनमध्ये, खोटं नाही, कारण त्याला उथळ आणि न हलणारं भांडं हवं होतं. तेव्हा स्टॅटिक करून बघ, २१ दिवस. जमलं तर शिजवून स्टराईल केलेल्या तांदळावर पण, घन माध्यमावर कित्येक बुरश्या पूर्ण वेगळी रसायनं देतात. एकाच बुरशीला वेगवेगळं खाऊ घातलं की वेगवेगळं बनवते यावर अख्खी एक पद्धत उभी आहे, ओस्मॅक म्हणतात तिला.

तिसरं, पीएच. हे मला तुझ्या पोस्टमध्ये कुठेच दिसलं नाही. कंपाउंड आम्लधर्मी असेल तर न्यूट्रल ब्रॉथमध्ये ते आयन होऊन पाण्यातच राहतं, इथाइल ॲसिटेटमध्ये येणारच नाही, आणि तू पाण्याचा थर ओतून टाकलास. पेनिसिलिनचं तसंच होतं. हीटलीची युक्ती अशी की ब्रॉथ थंड करून आम्ल करायचं म्हणजे ते सॉल्व्हंटमध्ये उडी मारतं, आणि मग किंचित अल्कली पाण्यात परत ओढून घ्यायचं. १९४० च्या मे महिन्यात आठ उंदरांवर जो प्रयोग झाला त्यातलं औषध अशा ये-जा करूनच हाती लागलं होतं. तू फिल्ट्रेट अर्धं कर, अर्धं तसंच काढ, अर्धं पीएच ३ ला आणून काढ. आणि पाण्याचा थर फेकू नकोस, न्यूट्रल करून, त्यात विरघळलेला सॉल्व्हंट उडवून तो पण टेस्ट कर.

चौथं, फिल्टर केल्यावर वर जो मायसेलियम (बुरशीच्या धाग्यांचा गोळा) राहिला तो कुठे गेला?

कोनिडिया

डिसकार्डमध्ये 😐

वाफाळ_रोटरी

सगळ्यांचा तिथेच जातो. यावेळी मिथेनॉलमध्ये टाक.

सहज_वाचक

म्हणजे १४ मधून एक उरला आणि तो पण औषध होईल की नाही सांगता येत नाही?

जुनं_खोड

नाही सांगता येत. ग्वानाकास्टेपीन ए नावाचं कंपाउंड होतं, कोस्टा रिकातल्या एका झाडाच्या एंडोफाइटमधून आलेलं, मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफवर आणि व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एंटरोकोकसवर चालायचं. २००० च्या सुमारास त्याचं मोठं कौतुक झालं, रचना इतकी वेगळी की सिंथेसिसवाल्यांनी त्यावर पेपरांचा ढीग पाडला. पण ते बॅक्टेरियाचं आवरण फोडायचं तसंच माणसाच्या लाल पेशींचंही. तिथे थांबलं. तेव्हा झोनच्या पाठोपाठ हिमोलिसिस (लाल पेशी फुटतात का ते) बघायची सवय चांगली, रक्त आगरवर एक थेंब, फार कष्ट नाहीत.

उलट बाजूने, प्लुरोम्युटिलिन एका छत्रीवाल्या बुरशीतून १९५१ मध्ये मिळालं आणि त्या कुळातलं लेफाम्युलिन माणसांना पोटातून किंवा शिरेतून द्यायला २०१९ मध्ये मंजूर झालं. ६८ वर्षं. (ती एंडोफाइट नाही, पण धीर किती लागतो त्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

कोनिडिया

अपडेट. उशीर झाला, पण आता काहीतरी हाती आहे.

१२ नंबर: पट्टीवर पीएच ३ आणि ४ च्या मधे. बफरवाल्या प्लेटवर झोन गायब. वाफाळ दादा पैज जिंकलात. शिवाय धुण्याच्या पाण्यात तीच आली होती, म्हणजे एंडोफाइट म्हणायला पण जागा नाही. काढून टाकला.

३ नंबर: पिवळं चिकट तेल. हसू नका.

९ नंबर: आगरचं एक्स्ट्रॅक्ट, डिस्कवर स्टॅफला १४ मिमी. साध्या आगरचं एक्स्ट्रॅक्ट शून्य, डीएमएसओ शून्य. शेकर फिल्ट्रेट दोन्ही पीएचला शून्य. स्टॅटिक फिल्ट्रेट न्यूट्रलला शून्य, पीएच ३ ला काढलं तर ११ मिमी! मायसेलियममध्ये काही नाही. मग टीएलसी केली आणि त्याच पट्टीवर स्टॅफ मिसळलेलं कोमट मऊ आगर ओतून बायोऑटोग्राफी, रात्रभर ठेवून सकाळी एमटीटी (जिवंत बॅक्टेरिया असले की जांभळं होणारं) फवारलं. अर्ध्या तासात सगळी पट्टी जांभळी होत गेली आणि मधे एकच ठिपका तसाच फिकट राहिला, कडा एकदम रेखीव. साध्या आगरच्या पट्टीवर तिथे काही नाही. मी तो ठिपका बघत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) सिक्वेन्स पण आला, डायापोर्थे जीनसजवळ जातोय. प्लेटवर बीजाणू अजून दिले नाहीत, नुसता राखाडी कापूस.

गाईड म्हणतात आता एमआयसी (वाढ थांबवणारं किमान प्रमाण) लावून थिसिस बांध. अजून काय करू?

प्लेटवाली_मावशी

शाब्बास. एमआयसी ९६ वेलमध्ये लाव, डीएमएसओ १% च्या वर जाऊ देऊ नकोस, रेझाझुरिन घाल, निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. कच्च्या एक्स्ट्रॅक्टची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आली तर मान ताठ ठेवून लिही. हजारात आली तरी लिही, फक्त "प्रभावी" शब्द वापरू नकोस. आणि झोनचे मिमी बघून कोण जास्त ताकदवान ते ठरवू नकोस, मोठा रेणू आगरमध्ये पसरतच नाही, त्याचा झोन लहान दिसतो.

वाफाळ_रोटरी

आणि थिसिसमध्ये "नवीन कंपाउंड" असं चुकूनही नको. डायापोर्थे, म्हणजे जुन्या पुस्तकातली फोमॉप्सिस, तिच्यावर भरपूर काम झालंय, शेकड्याने रेणू माहीत आहेत. कुणाकडे एलसीएमएस मिळत असेल तर ठिपका खरवडून वस्तुमान बघ, माहीत असलेल्यांशी जुळतं का. आयटीएसवर प्रजातीचं नाव पण लिहू नकोस, या जीनसमध्ये ते पुरत नाही, टीईएफ१ आणि बीटा ट्युब्युलिन हे जीन पण लागतात. "डायापोर्थे एसपी." पुरे.

जुनं_खोड

हे सगळं करण्याआधी, आजच, ९ नंबरचे ग्लिसरॉल स्टॉक ठेव, उणे ८० ला, दोन वेगळ्या फ्रीजमध्ये. एक स्टराईल पाण्यात प्लग बुडवून बाहेर पण ठेव, फ्रीज बंद पडतात. आणि मला सांग, आता कितवं सबकल्चर चालू आहे?

कोनिडिया

बहुतेक आठवं. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ताच्या प्लेटचा प्लग काल परत लावला होता. १३ चा ९ झालाय.

पण पहिल्या वेळची, पानातून काढलेली मूळ स्लँट (तिरक्या आगरची नळी) मिळाली! फ्रीजच्या मागच्या कप्प्यात होती, माझ्याच अक्षरात ९, तारखेसकट. जिवंत वाटतेय. लगेच तिच्यावरून प्लग लावू का?

प्लेटवाली_मावशी

ती स्लँट कुठल्या मीडियावर आहे?

कोनिडिया

...क्लोरॅम्फेनिकॉल पीडीए.

प्लेटवाली_मावशी

दोनदा साध्यावर. मग प्लग. आणि रिकामा प्लग शेजारी.